लाह
मलय भाषेतील निपात. मलेशिया, सिंगापूर, ब्रुनेई आणि इंडोनेशियात तो रोजच्या बोलण्यात सतत कानावर पडतो. त्याला स्वतःचा अर्थ नाही. ज्या शब्दामागे येतो त्याला उठाव देतो किंवा वाक्याचा सूर पालटतो. मलेशिया व इंडोनेशिया यांनी १९७२ मध्ये स्वीकारलेल्या लेखनपद्धतीत तो आधीच्या शब्दाला जोडूनच लिहितात.

आज्ञार्थी क्रियापदाला लागला की हुकमाची धार जाते. ‘दुदुक’ म्हणजे बस. पाहुण्याला ‘दुदुकलाह’ म्हटले की त्यात आपल्या ‘बसा ना’मधला आग्रह येतो. मात्र खरी मदार सुरावर असते. ‘चपातलाह’ (लवकर) हेच कोणी शेवटचा स्वर लांबवून म्हटले, तर आग्रह संपून कुरकुर सुरू झालेली असते. सर्वनामाला जोडल्यास तो ‘च’चे काम करतो: ‘दियालाह’ म्हणजे तोच किंवा तीच, कारण मलय सर्वनामाला लिंग नाही. ‘बोलेह’ म्हणजे जमेल. ‘बोलेहलाह’ मात्र ‘ठीक आहे, चालेल’ अशी जेमतेम पसंती. ‘तक अपालाह’ म्हणजे ‘असू दे हो’.

जुन्या गद्यात त्याचे काम वेगळे होते. कर्त्यामागे ‘पुन’ हा दुसरा निपात आणि क्रियापदामागे ‘लाह’ अशी जोडी आली की कथा एक पाऊल पुढे सरकते. भाषावैज्ञानिक पॉल हॉपर यांनी १९७९ मध्ये मुन्शी अब्दुल्ला यांच्या ‘हिकायत अब्दुल्ला’ (१८४९) या आत्मचरित्राच्या आधारे हे दाखवले.

‘लाह’ सिंगापुरी इंग्रजीतही आहे, आणि तो मलय की चिनी हा व्युत्पत्तीचा वाद प्रामुख्याने तिथल्या ‘लाह’चा आहे. होक्कियन व कॅन्टोनीज या चिनी बोलींतही जवळजवळ याच उच्चाराचा निपात वाक्याच्या शेवटी येतो. मलय ‘लाह’ उठाव द्यायच्या शब्दाला चिकटतो, मग तो शब्द वाक्यारंभी का असेना. सिंगापुरी ‘लाह’ बहुधा वाक्य संपताना येतो आणि चिनी शब्दांसारखे चढउतार घेतो. तेव्हा तिथे दोन्ही प्रवाह मिसळले असे मानणे अधिक पटते. मलय ‘लाह’च चिनीतून आला, हे मात्र जुने हिकायत-वाङ्मय (मलय कथागद्य) पाहता टिकत नाही.

सिंगापूरमध्ये २००० साली प्रमाण इंग्रजीसाठी सरकारी मोहीम सुरू झाली. ‘लाह’ तिला पुरून उरला. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशातही आज त्याची नोंद आहे.