ट्रायनॉनचा तह : रुळांमागून धावलेली सीमा

पहिल्या महायुद्धात पराभूत झालेला हंगेरी आणि विजयी दोस्त राष्ट्रे यांच्यात ४ जून १९२० रोजी व्हर्साय येथील ग्रँड ट्रायनॉन प्रासादात झालेला तह ‘ट्रायनॉनचा तह’ म्हणून ओळखला जातो. या तहाने हंगेरीपुरते युद्ध संपले. मात्र क्रोएशिया वगळून सुमारे २ लाख ८२ हजार चौरस किलोमीटर असलेला देश ९३ हजारांवर आला. ट्रान्सिल्व्हेनिया रुमानियाला, उत्तरेचा डोंगराळ मुलूख चेकोस्लोव्हाकियाला, तर दक्षिणेकडील प्रदेश सर्ब-क्रोट-स्लोव्हेन राज्याला मिळाला. ज्या ऑस्ट्रियाच्या खांद्याला खांदा लावून हंगेरी लढला, त्या पराभूत ऑस्ट्रियाच्या पदरातही पश्चिमेची एक पट्टी पडली.

गेलेल्या मुलखात एकंदरीत हंगेरियन भाषक अल्पसंख्यच होते. स्लोव्हाक, रुमानियन, सर्ब यांना स्वयंनिर्णयाचा हक्क नाकारता येण्याजोगा नव्हता. तरीही सुमारे ३३ लाख हंगेरियन सीमेपलीकडे गेले आणि त्यांतील बरेच जण नव्या सीमेला लागूनच राहणारे होते. याचे एक मोठे कारण म्हणजे रेल्वे. सातु मारे, ओरादेआ आणि अराद ही शहरे जोडणारा लोहमार्ग रुमानियाला अखंड मिळावा, म्हणून सीमा पश्चिमेकडे सरकली. उत्तरेकडील शातोरल्याउयहेय या गावात तर रोन्यवा नावाचा ओढाच आंतरराष्ट्रीय सीमा ठरला. पलीकडचा लोहमार्ग चेकोस्लोव्हाकियाला हवा होता.

हंगेरीचे प्रतिनिधी काउंट अल्बर्ट अपोन्यी यांनी १६ जानेवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये बाजू मांडताना सार्वमताची मागणी केली. भूगोलतज्ज्ञ पाल तेलेकी यांचा, हंगेरियन वस्ती लाल रंगात दाखविणारा नकाशाही त्यांनी पुढे ठेवला. उपयोग झाला नाही. पुढे डिसेंबर १९२१ मध्ये शोप्रोन शहर व परिसरात तेवढे सार्वमत झाले. सुमारे ६५ टक्के मते हंगेरीच्या बाजूने पडली आणि शहर हंगेरीत राहिले. हाच न्याय इतरत्र का लावला गेला नाही, हा प्रश्न रास्तच म्हणावा लागेल.

या सलाचा लाभ हिटलरने उठविला. १९३८ व १९४० च्या व्हिएन्ना निवाड्यांनी हंगेरीला काही प्रदेश परत मिळाला. १९४७ च्या पॅरिस तहाने तो पुन्हा गेला. हंगेरीच्या संसदेने २०१० मध्ये ४ जून हा ‘राष्ट्रीय एकात्मता दिन’ घोषित केला. त्याच वर्षी शेजारी देशांतील हंगेरियनांना नागरिकत्व सुलभ करणारा कायदा झाला, तेव्हा स्लोव्हाकियाने प्रत्युत्तरादाखल परकीय नागरिकत्व स्वीकारणाऱ्यांचे स्वतःचे नागरिकत्व रद्द करण्याची तरतूद केली.