कालीची जीभ बाहेर का?

कालीमातेचं चित्र आपण पाहिलेलं असतं. काळा वर्ण, गळ्यात मुंडमाळ, पायाखाली शंकर आणि बाहेर आलेली लालभडक जीभ. जीभ बाहेर का, तर म्हणे राक्षसांना मारता मारता तिचा पाय नवऱ्यावर पडला आणि तिनं लाजेनं जीभ चावली. बंगालमध्ये ही गोष्ट नेहमी सांगतात. बोलताना चुकलं की आपणही जीभ चावतो, म्हणून ती आपल्यालाही लगेच पटते.

पण नवरात्रात जिचा पाठ होतो, त्या सप्तशतीत वेगळंच आहे. देवीच्या कपाळातून काली निघाली तेव्हाच तिची जीभ लपलपत होती. पुढे रक्तबीज आला. त्याच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की तसाच दुसरा राक्षस उभा! कालीनं तोंड पसरलं, सगळं रक्त पिऊन टाकलं, म्हणून तो मेला. तिथं शंकर पायाखाली नाही आणि लाजही नाही.

पहाडी मुलखातल्या चित्रकारांनी हेच युद्ध रंगवलं. त्याही आधी, साधारण 1660 ते 1670 च्या सुमारास, जम्मूकडच्या बसोहलीत उग्र देवींची चित्रं झाली. त्यांत भद्रकालीला सुळे आहेत, पण अंगावर दागिने केवढे! पाचू दाखवायला भुंगेऱ्याच्या पंखांचे चमकदार हिरवे तुकडे चिकटवलेत. भयंकर देवीला इतक्या हौसेनं नटवलं, हे आम्हाला फार आवडलं.

पायाखालच्या शंकराचं चित्र घरोघरी नेलं ते कोलकात्यानं. कालीघाट देवळापाशी पटुआ लोक यात्रेकरूंना कागदावरची स्वस्त चित्रं विकायचे. 1878 मध्ये कलकत्ता आर्ट स्टुडिओ निघाला आणि छापील काली दूरवर गेली. आपल्याकडे राजा रविवर्म्यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. देवादिकांची रंगीत चित्रं भिंतीवर आली ती अशी.

चित्र पोचलं, पण त्यासोबत लाजेचीच गोष्ट जास्त पसरली. रणात लढणाऱ्या बाईची नवऱ्यापुढे ओशाळलेली बायको झाली, हे आम्हाला खटकतं. खरं तर त्याच चित्राचा दुसरा अर्थ तंत्रमार्गातले लोक सांगतात. शक्ती नसेल तर शिव नुसता शव. म्हणून तो निपचित पडलाय आणि ती उभी आहे.