चष्म्याच्या ‘नंबरा’ची गोष्ट

मागे परगावी माझा चष्मा फुटला. हातभर अंतरापलीकडचं सगळं धूसर. बसच्या पाट्याही वाचता येईनात. मी एका अनोळखी दुकानात शिरलो आणि ‘उणे दोन’ एवढंच सांगितलं. संध्याकाळी जग पुन्हा जागेवर आलं!

हे ‘दोन’ म्हणजे दोन डायॉप्टर. भिंगाचं नाभीय अंतर मीटरमध्ये घेऊन त्यानं एकाला भागलं, की भिंगाची शक्ती मिळते. अर्ध्या मीटरचं भिंग म्हणजे शक्ती दोन. माझं भिंग अंतर्गोल, किरण फाकवणारं, म्हणून उणे.

पूर्वी हा नंबर नाभीय अंतराच्या इंचांत सांगत. भिंग जितकं जोरकस, तितका आकडा लहान! त्यातही पॅरिसचा इंच सुमारे २७ मिलिमीटर, तर इंग्लंडचा २५.४. साहजिकच एका देशातला नंबर दुसऱ्या देशात चुके. शिवाय २० आणि ३० इंचांची भिंगं जोडून ठेवली, तर उत्तर येई १२ इंच. दर वेळी अपूर्णांकांची बेरीज!

१८६६ मध्ये आल्ब्रेख्त नागेल या जर्मन नेत्रतज्ज्ञानं मीटरचा आधार घ्यावा, असं सुचवलं. १८७२ मध्ये फ्रान्सच्या फर्डिनांड मोनॉये यांनी या एककाला ‘डायॉप्टर’ हे नाव दिलं. केप्लरनं १६११ मध्ये भिंगांवर लिहिलेल्या ग्रंथाच्या नावातच त्या शब्दाचं मूळ आहे. आता दोन आणि तीन मिळून सरळ पाच.

त्या परक्या गावात माझी ओळख पटवायला कुणी नव्हतं. पण माझ्या डोळ्यांची ओळख एका आकड्यानं पटली.