तारण व मरणोत्तर जीवन (ख्रिस्ती श्रद्धा, भंडारा जिल्हा)

पापापासून व मृत्यूपासून मनुष्याची सुटका येशू ख्रिस्ताच्या वधस्तंभावरील बलिदानाने होते, ही ख्रिस्ती धर्माची मध्यवर्ती श्रद्धा. भंडारा परिसरात ती मुख्यतः दोन वाटांनी आली. १८४५ साली स्टीफन हिस्लॉप यांनी नागपुरात प्रेस्बिटेरियन पंथाच्या स्कॉटिश फ्री चर्चचे मिशन सुरू केले. त्याच मिशनने पुढे भंडाऱ्यात काम उभारले. दुसरी वाट कॅथलिकांची; त्यांच्यासाठी जिल्हा नागपूर महाधर्मप्रांतात (धर्मप्रांत म्हणून स्थापना १८८७) येतो.

तारण ही देवाची कृपा, माणसाची कमाई नव्हे, यावर दोन्ही परंपरांचे एकमत आहे. मतभेद मरणानंतरच्या वाटेबद्दल आहेत. कॅथलिक शिकवणुकीत देवकृपेत मरण पावलेला, पण पूर्ण शुद्ध न झालेला आत्मा शोधनावस्थेतून जातो. म्हणून २ नोव्हेंबरला मृतांसाठी मिस्सा अर्पण होते. स्कॉटिश प्रेस्बिटेरियनांच्या १६४७ च्या वेस्टमिन्स्टर श्रद्धापत्रकाने मृतांसाठी प्रार्थनाही नाकारली. अंतिम न्याय आणि देहासह पुनरुत्थान मात्र दोघेही मानतात.

वारकरी संस्कारात वाढलेल्या श्रोत्याला यातला खरा धक्का वेगळाच असावा. जन्म-मरणाचा फेरा इथे नाहीच. एकच जन्म, एकच मरण आणि मग न्याय. कृपेची कल्पना मात्र संतांच्या भक्तीमुळे त्याला परकी नव्हती. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या कवी नारायण वामन टिळकांनी हाच धागा पकडून ख्रिस्तभक्ती अभंगांत आणली, आणि मराठी उपासनेला आपला सूर मिळाला.