मी छापलेली चूक आणि ट्रंकेतलं जपानी निशाण

परवा रात्री नऊच्या सुमारास फोन आला. "दादा, २०१२ साली तुम्ही आमच्या आजोबांची बातमी केली होती ना? त्याचं मूळ कात्रण मिळेल का? गिऱ्हाईक मागतंय."

गिऱ्हाईक म्हटल्यावर मी उठूनच बसलो.

बातमी आठवत होती. पंधरा ऑगस्टच्या पुरवणीला काहीतरी 'लष्करी' हवं होतं. या घरात गेलो. आजोबा वारलेले, मुलानं ट्रंक उघडून एक मळकं पांढरं कापड दाखवलं. मध्ये लाल गोळा, भोवती काळ्या शाईत जपानी अक्षरं. "बाबांनी लढाईत जपान्यांची पलटण हरवून त्यांचं निशाण आणलं," असं तो म्हणाला. मी लिहून घेतलं आणि मथळा दिला, 'तालुक्यात जपानी रेजिमेंटचं निशाण!' अर्धं पान लागलं. कौतुक झालं. कुणाला काही विचारायचं असतं हे मला सुचलंही नाही.

आता त्याच कात्रणावर एका शहरातल्या व्यापाऱ्यानं चाळीस हजार देऊ केलेत. कापड बघून तो चाळीस देत नव्हता. कात्रण सोबत असेल तरच. कारण पुढे विकताना "हे बघा, पेपरात आलंय" म्हणता येतं. पोराच्या बहिणीची नर्सिंगची फी थकलीय. कात्रण माझ्या कपाटातल्या फायलीत आहे. काय करणार?

आता निशाण म्हणजे काय, ते आधी सांगतो. हे मला त्या बातमीनंतर कळलं, तेही पदरचे पैसे घालवून. लष्करी वस्तू जमवायचा नाद लागला तेव्हा एका जुन्या बाजारात मी साडेतीन हजारांना 'ब्रिटिश तोफखान्याचं निशाण' घेतलं होतं. घरी आणून बायकोला मोठ्या ऐटीत दाखवलं. नंतर समजलं की तोफखान्याला वेगळं निशाण नसतंच, त्यांच्या तोफा हेच त्यांचं निशाण. ब्रिटिशांची ही परंपरा आपल्या सैन्यातही चालू आहे. देवळालीला कुणाही जुन्या तोफखानेवाल्याला विचारलं असतं तर साडेतीन हजार वाचले असते. तसंच रायफल पलटणींचं. ब्रिटिश परंपरेत त्या निशाण बाळगत नसत. दुसऱ्या गुरखा पलटणीला १८५७ च्या दिल्लीच्या लढाईनंतर निशाणाऐवजी एक खास दंड मिळाला होता. म्हणजे कापडाला हात लावायच्या आधीच विचारायचं, या तुकडीला निशाण होतं तरी का?

आणि असलं तर ते सुटं फिरत नाही. पलटणीचं निशाण राजाकडून किंवा राष्ट्रपतींकडून मिळतं. जुनं झालं की ते विकत नाहीत, समारंभानं कुठेतरी ठेवतात. इंग्लंडात कितीतरी चर्चमध्ये अशी निशाणं टांगल्या जागी विरून गेली. आपल्याकडे प्रजासत्ताक झाल्यावर २३ नोव्हेंबर १९५० ला पलटणींची राजाची निशाणं डेहराडूनच्या चेटवुड हॉलमध्ये मानानं ठेवली गेली. तेव्हा ट्रंकेत, बाजारात, भंगारात 'पलटणीचं निशाण' निघालं की आधी शंका घ्यायची, आनंद मागाहून.

जपान्यांचं तर अजून कडक. त्यांच्या रेजिमेंटचा ध्वज खुद्द सम्राटाकडून यायचा. त्यावर नुसता लाल गोळा नसायचा, गोळ्यातून निघणारे सोळा किरण असायचे. तीन बाजूंना जांभळी झालर आणि काठीच्या टोकाला शेवंतीचं राजचिन्ह. तो शत्रूच्या हाती पडणं म्हणजे सगळ्या रेजिमेंटची बेअब्रू. ऑगस्ट १९४५ ला शरणागती आली तेव्हा हे ध्वज जाळायचे हुकूम सुटले आणि बहुतेक जाळलेही गेले. ३२१ व्या पायदळ रेजिमेंटचा तेवढा पूर्ण अवस्थेत उरला, असं सांगतात. तो तोक्योच्या यासुकुनी मंदिरातल्या युशुकान संग्रहालयात आहे. आणि मी छापून बसलो की दुसरा आमच्या तालुक्यात, पत्र्याच्या ट्रंकेत, डांबरगोळ्यांच्या वासात आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी काढली. बातमीच्या वेळी जे करायला हवं होतं ते आता केलं.

कापड सुती. साधारण हातभर रुंद आणि त्याच्या दीडपट लांब. किरण नाहीत, झालर नाही, काठीची खोळ नाही. एका बाजूच्या दोन कोपऱ्यांना चामड्याचे त्रिकोणी तुकडे शिवलेले, त्यांना बांधायचे बंद. चौपदरी घडीच्या रेषा इतक्या जुन्या की तिथे कापड विरलंय. म्हणजे हे फडकवण्यापेक्षा घडी करून अंगावर बाळगलेलं. शाई मागपर्यंत उतरलेली. हस्ताक्षरं मोजली, निदान तीस तरी वेगवेगळी. नकली मालात एकच हात सगळी नावं ओढतो, ते दोन मिनिटांत कळतं.

मग नोटा तपासायची जांभळी टॉर्च मारली आणि पोटात गोळा आला. कापड निळसर चमकत होतं. कापड चमकवणारी रसायनं सर्रास वापरात आली ती युद्धानंतर, त्यामुळे जुनं सुती कापड असं चमकू नये. माझं तोफखान्याचं निशाण असंच उजळलं होतं, वर शिवणीचा दोरा पॉलिएस्टरचा. म्हटलं, हेही नकली की काय.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून पोराची आई म्हणाली, "अहो, सासूबाई दर दिवाळीला धुवायच्या ते. पावडरीत घालून."

तर टॉर्चवाल्या मित्रांनो, एवढं लक्षात ठेवा. टॉर्च पावडरही दाखवते. एका खुणेवर माल खरा किंवा खोटा ठरवू नका. शिवणीचा दोरा भिंगाखाली पाहिला, तो सुतीच. दोरा जाळून बघा असं पुष्कळजण सांगतात. कृपा करून जाळू नका, त्या कापडात दोरे मोजकेच उरलेत.

अक्षरांचे फोटो पुण्यात जपानी शिकवणाऱ्या एका बाईंना पाठवले. त्यांनी तासाभरात फोन केला. वरची मोठी अक्षरं 'बुऊन चोक्यू', म्हणजे युद्धात नशीब दीर्घकाळ साथ देवो. ती उजवीकडून डावीकडे लिहिलेली, आडवी ओळ लिहायची तिकडची युद्धापूर्वीची पद्धत. नकला करणारे इथेही फसतात, आजच्यासारखं डावीकडून लिहितात. एका कडेला ज्याला दिलं त्याचं नाव. बाकी गोळ्याभोवती सगळ्यांच्या सह्या. पाच-सहा जणांचं आडनाव त्याचंच. खाली एक नाव वाकडंतिकडं. "हे लहान मुलानं लिहिलंय," बाई म्हणाल्या आणि थोडा वेळ काही बोलल्या नाहीत.

याला 'योसेगाकी हिनोमारू' म्हणतात. पोरगा सैन्यात निघाला की घरचे, शेजारी, मित्र, कारखान्यातले सोबती राष्ट्रध्वजावर सह्या करून द्यायचे. तो ते गणवेशाच्या आत ठेवायचा. मेला की समोरचा सैनिक आठवण म्हणून ते घेऊन जायचा. अमेरिकन, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि आपलेही.

आजोबा कुठे लढले? ट्रंकेत त्यांचा डिस्चार्ज कागद आहे, ५ वी मराठा लाइट इन्फन्ट्री, ४ थी बटालियन. ही बटालियन मार्च १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाकला होती, ५० व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडबरोबर. डोंगरमाथा खडकाळ, खंदक धड खणता येईनात, काटेरी तार नाही, पाण्याची मारामार. समोर जपान्यांची ५८ वी रेजिमेंट कोहिमाकडे निघालेली. २२ ते २६ मार्च आपल्या लोकांनी तो डोंगर धरून ठेवला, मग हुकूम आल्यावर रात्रीच्या अंधारात बाहेर पडले. डोंगर गेला, पण जपान्यांचे ते दिवस गेले ते गेलेच, आणि कोहिमाला तयारीला वेळ मिळाला. आमच्या शाळेत पानिपत दोनदा शिकवलं, सांगशाक एकदाही नाही.

पण हे निशाण सांगशाकचंच असं मी पुन्हा छापणार नाही. कागद एवढंच सांगतो की आजोबा त्या बटालियनमध्ये होते. कापड कुठे, कसं, कुणाकडून हाती आलं ते कागदात नाही, आणि आजोबांनी घरात कधी सांगितलं नाही. सून म्हणाली, "ट्रंक उघडली की ते बाहेर जाऊन बसायचे."

व्यापाऱ्याला पोरासमोरच फोन लावला. म्हटलं, निशाण रेजिमेंटचं नाही, एका माणसाचं आहे, अस्सल आहे, पण कात्रण मिळणार नाही. तो म्हणाला, "तुम्हाला काय त्रास आहे? बातमी तर तुमचीच आहे." त्याचं खोटं नव्हतं. चाळीसचे बारा झाले. पोरगं माझ्याकडे बघत राहिलं. मला मान वर करवेना.

अमेरिकेत ओरेगॉनला ओबोन सोसायटी नावाची संस्था आहे, ती असे ध्वज जपानमधल्या घरच्यांना शोधून परत देते. तेही घरी सांगितलं. त्यात पैसे नाहीत हेही सांगितलं. पोराचं म्हणणं फी आधी. आईचं म्हणणं, त्या बाईंना विचारा, ते लहान लेकरू अजून असेल का? निर्णय त्यांचा आहे, मी मध्ये पडत नाही. फीसाठी आम्ही चार-पाच जण बघतोय, कुणाला हातभार लावायचा असेल तर मला फोन करा, इथे आकडे नकोत.

माझ्याकडून दुरुस्ती अशी. २०१२ च्या त्या बातमीचा मथळा आणि पलटण हरवल्याचा मजकूर चुकीचा आहे. ते कुठल्याही जपानी रेजिमेंटचं निशाण नाही. ज्यांनी कात्रण जपलंय, आणि दोन वाचनालयांत ते फ्रेम करून लावलंय हे मला माहीत आहे, त्यांनी त्याच्या मागे पेनानं एवढं लिहून ठेवा. खाली माझं नाव टाका.