राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक, व्यूह आणि पिढी : शेबेश, विंटरबॉटम व रहीम यांचा तौलनिक विचार

१

एखाद्या राष्ट्राच्या फुटबॉल संघाला यश लाभले म्हणजे त्याचे श्रेय प्रशिक्षकाला द्यावयाचे की त्याच्या वाट्यास आलेल्या खेळाडूंच्या पिढीला, हा वाद जुना आहे. प्रशिक्षकाचा कैवार घेणारे त्याच्या व्यूहाकडे बोट दाखवितात. पिढीचा कैवार घेणारे असे विचारतात की, ते खेळाडू नसते तर तो व्यूह कोणी अंमलात आणला असता? दोन्ही पक्षांजवळ उदाहरणे भरपूर आहेत. परंतु उदाहरणांची रास म्हणजे पुरावा नव्हे. इतिहासाच्या अभ्यासकाला येथे दोनच साधने उपलब्ध असतात. एक, प्रशिक्षक तोच राहिला आणि पिढी बदलली तर काय झाले, हे पाहणे. आणि दुसरे, पिढी तीच राहिली आणि प्रशिक्षक बदलला तर काय झाले, हे पाहणे. हंगेरीचे गुस्ताव शेबेश, इंग्लंडचे वॉल्टर विंटरबॉटम आणि भारताचे सय्यद अब्दुल रहीम हे तिघे समकालीन होते. त्यांच्या कारकीर्दीत ही दोन्ही साधने वापरता येतात, म्हणून प्रस्तुत लेखात या तिघांची निवड केली आहे.

२

तुलनेस आरंभ करण्यापूर्वी परिभाषेसंबंधी एक सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे. व्यूहातील जागांची नावे टिकून राहतात आणि त्यांचा आशय मात्र बदलत जातो. इ. स. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम बदलला. तोपर्यंत चेंडू पुढे दिला जात असता आघाडीच्या खेळाडूसमोर प्रतिपक्षाचे तीन खेळाडू असणे आवश्यक होते. त्यानंतर दोन पुरेसे झाले. गोल करणे सुलभ झाल्यामुळे बचाव दृढ करणे भाग पडले. जुन्या दोन-तीन-पाच या रचनेत सेंटर-हाफ हा मैदानाच्या मध्यभागी राहून चढाईस आरंभ करून देणारा खेळाडू होता. लंडनच्या आर्सेनल क्लबचे हर्बर्ट चॅपमन यांच्या प्रभावाने जी डब्ल्यू-एम रचना रूढ झाली, तीत तो दोन बॅकांच्या मधोमध मागे गेला व निव्वळ बचावाचा खेळाडू झाला. असे असूनही इंग्लंडात त्याला सेंटर-हाफच म्हणत राहिले. १९२० च्या आणि १९५० च्या सेंटर-हाफांची नावावरून तुलना करणारा लेखक म्हणूनच दोन भिन्न वस्तूंची तुलना करीत असतो.

नाव आणि कार्य यांतील ही फारकत किती महाग पडू शकते, हे २५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेम्बली येथे दिसून आले. हंगेरीचा नान्दोर हिदेगकुटी पाठीवर ९ हा आकडा घालून खेळत होता. इंग्लंडातील रूढ संकेतानुसार तो आकडा सेंटर-फॉरवर्डचा, आणि त्याच्यावर पहारा ठेवणे हे सेंटर-हाफ हॅरी जॉन्स्टन याचे काम. हिदेगकुटी मात्र पुढे न राहता मध्यभागी मागे सरकून खेळला. जॉन्स्टन त्याच्यामागे गेला तर पुश्काश व कोचिश यांना बचावाच्या मध्यात वाट मोकळी होई. जागेवर राहिला तर हिदेगकुटीवर कोणाचाच अंकुश राहत नसे. हिदेगकुटीने पहिल्याच मिनिटात गोल केला व एकूण तीन गोल केले. हंगेरीने सामना ६-३ असा जिंकला. ब्रिटिश बेटांबाहेरच्या संघाकडून इंग्लंडचा स्वतःच्या भूमीवर झालेला हा पहिला पराभव होय. सहा महिन्यांनी बुडापेस्ट येथे हंगेरीने ७-१ असा विजय मिळविल्यामुळे पहिला निकाल हा योगायोग नव्हता, हेही सिद्ध झाले.

३

या विजयाचे सारे श्रेय शेबेश यांच्या प्रतिभेस देण्याचा प्रघात आहे. तो तपासून पाहिला पाहिजे. मागे सरकणारा सेंटर-फॉरवर्ड ही त्यांची स्वतःची कल्पना नव्हे. ऑस्ट्रियाचा माथियास सिंडेलार १९३० नंतरच्या दशकात त्या धर्तीवर खेळत असे, आणि हंगेरीत एम. टी. के. या क्लबाचे प्रशिक्षक मार्तोन बुकोवी यांनी तो प्रयोग राष्ट्रीय संघाच्या आधी केला होता. शेबेश यांचे वैशिष्ट्य निराळे होते. ते क्रीडाखात्याचे उपमंत्री होते, त्यामुळे प्रशिक्षकाचे ज्ञान आणि शासनाची सत्ता ही त्यांच्या ठायी एकवटली होती. १९४९ मध्ये किश्पेश्ट हा क्लब सैन्याच्या ताब्यात जाऊन होन्वेद झाला. पुश्काश व बोझिक तेथे होतेच. कोचिश, त्सिबोर व गोलरक्षक ग्रोशिच यांचीही त्यांत भर पडली. राष्ट्रीय संघाचा बहुतांश भाग होन्वेद आणि एम. टी. के. या दोन क्लबांतून येऊ लागला व वर्षभर एकत्र खेळू लागला. वेम्बलीच्या सामन्यापूर्वी तेथील मैदानाच्या मापाचे मैदान आखून आणि इंग्लंडातील बनावटीचे चेंडू आणवून सराव करण्यात आला. ही सोय अन्य राष्ट्रांच्या प्रशिक्षकांना उपलब्ध नव्हती.

विंटरबॉटम यांची स्थिती नेमकी याच्या उलट होती. १९४६ पासून १९६२ पर्यंत ते इंग्लंडच्या संघाचे मॅनेजर होते. परंतु संघाची निवड समिती करीत असे. पदाचे नाव आणि पदाचा अधिकार यांत येथेही अंतर आहे. मॅथ्यूज व फिनी यांच्यासारखे खेळाडू लाभूनही १९५० च्या विश्वचषकात त्यांचा संघ अमेरिकेकडून ०-१ असा हरला. या पराभवांचा ठपका त्यांच्यावर ठेवणे सोपे आहे. न्याय्य आहे असे म्हणवत नाही. ज्याला अकरा माणसे निवडण्याची मुभा नाही, त्याच्या व्यूहाची परीक्षा कशी करावयाची? वेम्बलीच्या त्या सामन्यात इंग्लंडकडून खेळलेल्या आल्फ रॅम्से यांनी १९६३ मध्ये सूत्रे हाती घेताना निवडीचा पूर्ण अधिकार स्वतःकडे घेतला आणि १९६६ मध्ये विश्वचषक जिंकला, ही गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे.

४

रहीम हे हैदराबादचे. व्यवसायाने शिक्षक. हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ त्यांच्या हाताखाली तयार झाला, आणि त्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. भारतीय संघात हैदराबादचे खेळाडू मोठ्या संख्येने येत राहिले याचे मूळ येथे आहे. होन्वेदचे कार्य येथे पोलिसांच्या संघाने लहान प्रमाणावर केले, असे म्हणावयास हरकत नाही. भेद इतकाच की त्यामागे शासनाची योजना नव्हती, एका माणसाचा व्यासंग होता.

१९५१ मध्ये दिल्ली येथील पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत मेवालाल यांच्या गोलामुळे इराणवर १-० असा विजय मिळून भारताला सुवर्णपदक लाभले. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाकडून १-१० असा पराभव झाला. हा पराभव अनवाणी पायांमुळे झाला, अशी समजूत रूढ आहे, आणि त्यानंतर बूट सक्तीचे झाले हेही खरे. तथापि १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बहुतेक अनवाणी खेळाडू असलेला भारतीय संघ फ्रान्सकडून केवळ १-२ असा हरला होता. तेव्हा पायांतील बुटांइतकेच मैदानावरील रचनेकडेही पाहिले पाहिजे. हेलसिंकीचा संघ मूलतः दोन बॅकांच्या जुन्या रचनेत खेळणारा होता. मेलबर्नला गेलेला १९५६ चा संघ तीन बॅकांच्या रचनेचा होता.

मेलबर्न येथे हंगेरीने राजकीय उत्थानामुळे माघार घेतल्याने भारताला पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली. नंतर ऑस्ट्रेलियावर ४-२ असा विजय मिळाला. त्यांतील तीन गोल मूळचे गोव्याचे व मुंबईत खेळणारे नेव्हिल डिसोझा यांचे होते. उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हियाशी गाठ पडली. डिसोझा यांनी पहिला गोल केला, पण अखेर भारत १-४ असा हरला व चौथा आला. १-१० वरून १-४ ही प्रगती थेट मोजता येत नाही, कारण हेलसिंकीचे बोबेक, मितिच, झेबेक व वुकास मेलबर्नच्या युगोस्लाव्ह संघात नव्हते. प्रतिपक्षाचीही पिढी बदलते, ही गोष्ट अशा तुलनांत पुष्कळदा विसरली जाते. १९६० मध्ये रोम येथे हंगेरीकडून १-२ असा पराभव आणि फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी हे निकाल म्हणूनच अधिक विश्वसनीय पुरावा होत. अपघाती पुढे चालीचा त्यांत भाग नव्हता.

मेलबर्नला पी. के. बॅनर्जी, बलराम व थंगराज हे नुकतेच विशीत आलेले होते. १९६२ पर्यंत ते परिपक्व झाले, आणि चुनी गोस्वामी, जर्नेलसिंग व अरुण घोष यांची त्यांना जोड मिळाली. जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरविले. थायलंडविरुद्धच्या सामन्यात जर्नेलसिंग यांच्या डोक्यास जखम होऊन टाके घालावे लागले. त्या बचावपटूला रहीम यांनी आघाडीवर नेले. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्यांनी गोल केला आणि ४ सप्टेंबर रोजी त्याच दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यातही केला. दुसरा गोल बॅनर्जी यांचा. प्रेक्षकांच्या उघड विरोधात भारताने २-१ असा विजय मिळविला. प्रतिपक्ष तोच, पिढी तीच, स्पर्धाही तीच. बदलली ती केवळ मांडणी. प्रशिक्षकाच्या कर्तृत्वाचा याहून स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो. त्या वेळी रहीम कर्करोगाने आजारी होते. जून १९६३ मध्ये त्यांचे निधन झाले.

५

आता दुसरे साधन वापरावयाचे. १९६४ च्या आशिया चषकात हॅरी राइट यांच्या मार्गदर्शनाखाली भारत दुसरा आला. स्पर्धेत चारच संघ होते हे खरे. परंतु दक्षिण कोरियाचा पराभव तेथेही झाला. म्हणजे घडलेली पिढी प्रशिक्षकाच्या पश्चात काही काळ टिकते. १९७० मध्ये बँकॉक येथे कांस्यपदक मिळाले, आणि त्यानंतर आशियाई स्पर्धेत पुरुषांच्या फुटबॉलमध्ये भारताला पदक लाभलेले नाही. ऑलिंपिकमधील प्रवेशही १९६० नंतर झालेला नाही.

हंगेरीत १९५६ नंतर पुश्काश, कोचिश व त्सिबोर परदेशी राहिले आणि शेबेश यांचे पदही गेले. पण लायोश बारोटी यांच्या काळात फ्लोरियान अल्बर्टची नवी पिढी उभी राहिली. १९६४ मध्ये ऑलिंपिक सुवर्णपदक मिळाले आणि १९६६ च्या विश्वचषकात ब्राझीलवर ३-१ असा विजय मिळाला. इंग्लंडात विंटरबॉटम यांनी प्रशिक्षकांचे वर्ग चालविले होते. त्यांतून पुढे आलेल्यांपैकी रॉन ग्रीनवुड यांच्या वेस्ट हॅम क्लबातील मूर, हर्स्ट व पीटर्स हे तिघे १९६६ च्या विजयी संघात होते.

यावरून निकालांची क्रमवारी आणि वारशाची क्रमवारी एकच नसते, असे दिसते. विंटरबॉटम यांचे निकाल या तिघांत सर्वांत सामान्य, परंतु त्यांच्या मागे प्रशिक्षक घडविण्याची व्यवस्था उरली. शेबेश यांच्या मागे क्लबांची बळकट परंपरा होती, म्हणून तीन अव्वल खेळाडू गमावूनही तो देश लगेच कोसळला नाही. साधने सर्वांत तुटपुंजी असताना रहीम यांनी आपल्या खेळाडूंकडून सर्वांत अधिक काढून घेतले; पण त्यांची पद्धती त्यांच्या स्मरणात व सरावाच्या मैदानावरच राहिली, कोणत्याही संस्थेने ती आपलीशी केली नाही. प्रशिक्षक पिढीला रूप देतो, हे जकार्ताने दाखविले. पुढची पिढी मात्र एकटा प्रशिक्षक घडवू शकत नाही. ते संस्थेचे काम आहे. १९६२ नंतरच्या भारतीय फुटबॉलच्या इतिहासाचा अभ्यास करणाराने चौकशीचा आरंभ रहीम यांच्या मृत्यूपासून न करता, त्यांच्या हयातीत जे उभारावयाचे राहून गेले तेथून केला पाहिजे.