मुंबई-लंडन : अंतर आणि प्रवासकाल

दोन नगरांमधील अंतर ही भूगोलाची स्थिर वस्तू होय, असे आपण सामान्यतः गृहीत धरतो. मुंबई व लंडन यांमधील पृथ्वीपृष्ठावरील किमान अंतर सुमारे ४,५०० मैल आहे, व ते गेल्या दोन शतकांत बदललेले नाही. परंतु प्रवाशाला आणि टपालाला जे अंतर कापावे लागले ते मात्र सतत बदलत गेले. हे बदल केवळ वाहनाच्या वेगामुळे झाले काय, एवढाच प्रश्न प्रस्तुत टिपणात विचारात घ्यावयाचा आहे.

प्रथम सागरी मार्ग पाहू. केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाणारा मार्ग सुमारे १०,७०० सागरी मैलांचा होता. १८३० च्या मार्चमध्ये 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मुंबईहून निघून सुमारे महिन्याभराने सुएझला पोचली. परंतु कोळसा भरण्यासाठी तिला वाटेत वारंवार थांबावे लागले. पुढे १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि सागरी अंतर सुमारे ६,३०० मैलांवर आले.

विमानयुगाच्या आरंभीही हीच स्थिती आढळते. ३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेजने क्रॉयडन-कराची सेवा सुरू केली. सुमारे ५,००० मैलांच्या या प्रवासास सात दिवस लागत, आणि त्यातील बाझल ते जिनोआ हा टप्पा रेल्वेचा होता. सर्व मार्ग ताशी १०० मैल वेगाने आकाशातूनच कापला असे मानले, तरी त्यास ५० तास पुरेत. सात दिवसांचे तास मात्र १६८ होतात. म्हणजे निम्म्याहून कितीतरी अधिक काळ मुक्कामांत जाई. इराकच्या वाळवंटातील रुत्बा येथील विश्रामगृह या मुक्कामांची साक्ष देते. १९३२ मध्ये इराणी किनाऱ्यावरील परवानगी संपुष्टात आल्याने मार्ग अरबी किनाऱ्यावर, शारजाकडे, हलवावा लागला. तेथे यंत्राची नव्हे, राजसत्तेची अडचण होती.

या मार्गाने मुंबईचे स्थानही बदलले. आगबोटींचे प्रवेशद्वार असलेले हे बंदर हवाई मार्गाच्या बाजूस पडले व तो मान कराचीस मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत टपाल आणले, तेव्हा मुंबई या मार्गास जोडली गेली. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो व जिनीव्हामार्गे लंडनला निघाले. हा प्रवास सुमारे एका अहोरात्राचा होता. विमानाचा वेग वाढला होता हे खरेच. पण थांबे दोनच उरले होते, आणि रात्री मुक्काम करण्याची गरज राहिली नव्हती, हेही तितकेच महत्त्वाचे.

आज हा प्रवास विनाथांबा नऊ ते दहा तासांत होतो. तथापि सरळ रेषा अजूनही निर्वेध नाही. २०१९ च्या फेब्रुवारी ते जुलै या काळात पाकिस्तानचे आकाश बंद राहिल्याने भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना वळसे घ्यावे लागले.

यावरून असे दिसते की, प्रवासकाल हा वेग, इंधन, मुक्काम आणि परवानगी या चार घटकांचा परिणाम आहे. म्हणून जुन्या पत्रव्यवहारातील 'दूर' वा 'जवळ' या शब्दांचा अर्थ लावताना अभ्यासकाने नकाशावरील मैल मोजून थांबू नये. त्या काळचे वेळापत्रकही उघडावे.